बटाटा गोड होईपर्यंत

नोव्हेंबरातल्या एका रविवारी वृद्धनिवासाच्या कॉफीच्या टेबलाशी इम्पी हापासारी यांनी कप बशीत ठेवला, ओठ पुसले आणि जाहीर केलं, "यंदा ख्रिसमसचा बटाटा वेइयो करेल."

त्यांचा मुलगा वेइयो त्या वेळी खिडकीतून आपल्या गाडीवर साठणारा बर्फ बघत होता. अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस नगरपालिकेत जमिनीचे नकाशे सांभाळायचा आणि स्वयंपाकघरात अंडं उकडण्यापलीकडे त्याने कधी मजल मारली नव्हती. काहीतरी बोलणं भाग आहे हे लक्षात येऊन तो "हं" म्हणाला. हापासारी घराण्यात "हं" म्हणजे होकार, आणि दोनदा "हं" म्हणजे शपथ. त्यामुळे प्रश्न तिथेच मिटला.

त्याची धाकटी बहीण राइली मात्र गप्प बसली नाही. "आई, मी करते ना. त्याला चमचा कुठल्या बाजूने धरायचा ते माहीत नाही."

"तू सिरप घालतेस."

"एकदा घातलं होतं. सत्त्याऐंशी साली."

"हो ना," आई म्हणाली. "सत्त्याऐंशी साली."

हॅमेनलिन्ना शहराच्या आसपास जन्मलेल्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. ख्रिसमसच्या जेवणात हॅमच्या शेजारी बटाट्याचं लातिक्को असतं, आणि ते गोड असतं. पण त्यात गोड काही घालायचं नसतं. उकडून कुस्करलेल्या बटाट्यात मूठभर पीठ मिसळायचं, चार-पाच तास उबेला ठेवायचं, आणि मग बटाट्याने स्वतःहून गोड व्हायचं. त्यानंतर दूध, लोणी, मीठ घालून ते मातीच्या भांड्यात भाजायचं. सिरप घालून गोड करणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं. पास होता येतं, पण मास्तरांच्या डोळ्यांत बघता येत नाही.

आई मार्चमध्ये वृद्धनिवासात आली होती. तिथे तिला पलंग, खिडकी आणि कॉफीची किटली मिळाली होती, ओव्हन मिळाला नव्हता. घर विकताना तिने मातीचं भांडं तेवढं वर्तमानपत्रात गुंडाळून वेइयोच्या गाडीत ठेवलं होतं, आणि वेइयोने ते का ठेवलंय असं विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं, असं त्याला आता वाटलं.

पुढच्या रविवारी तो वही घेऊन गेला.

"बटाटे किती?"

"भांडंभर."

"पीठ?"

"घेईल तेवढं."

"आणि किती गरम ठेवायचं?"

"उबेला."

"उबेला म्हणजे किती अंश, आई? किती वेळ?"

आईने त्याच्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. "अरे, गोड होईपर्यंत."

वेइयोने ते सगळं अक्षरशः लिहून घेतलं. आयुष्यभर तो एकास पाचशे प्रमाणाच्या नकाशांत वावरला होता, त्यामुळे "घेईल तेवढं" हे शब्द स्वतःच्या अक्षरात पाहताना त्याला थकवा आला.

मग सल्ले सुरू झाले. ऑफिसातल्या एकाने गाडीचा हीटर लावून भांडं मागच्या सीटवर ठेवायला सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं की त्याच्या आत्याने असंच केलं आणि त्या गाडीला अजून वास येतो. राइलीने फोन करून सांगितलं की दुकानात तयार लातिक्को मिळतं, ते मातीच्या भांड्यात काढ, वरून लोणी लाव आणि कुणाला बोलू नकोस. वेइयोला या सल्ल्याचा मोह बरेच दिवस पडत राहिला.

सगळ्यात सविस्तर सल्ला खालच्या मजल्यावरच्या साल्मेला मास्तरांनी दिला. शाळेत पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून त्यांना विद्यार्थ्यांची चणचण होती. जिन्यात वेइयोला भिंतीशी उभं करून ते म्हणाले, "पन्नासच्या खाली आंबतं आणि पंचाहत्तरच्या वर मरतं."

"काय मरतं?"

"पिठातलं जे काम करतं ते. त्याला पंचावन्न ते पासष्ट अंश द्या, ते तुमच्यासाठी राबेल. तुमच्याकडे थर्मामीटर आहे?"

"तापाचा आहे."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. संध्याकाळी ते स्वतःच प्रयोगशाळेतला लांबलचक थर्मामीटर लोकरीच्या मोज्यात घालून घेऊन आले.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी वेइयोने रंगीत तालीम केली. लहानपणी आई भांडं गोधड्यांत गुंडाळून पलंगात ठेवायची, एवढं त्याला आठवत होतं. त्याने तीन लिटर बटाटा कुस्करला, पीठ मिसळलं, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि गरम पाण्याच्या दोन पिशव्यांसह ते बायकोच्या बाजूला रजईखाली झोपवलं. बायकोच्या बाजूला अशासाठी, की तिथून हीटर जवळ होता. असं त्याने नंतर दोनदा समजावून सांगितलं.

मार्केट्टा चर्चमधल्या गाण्याच्या सरावाहून आली आणि मोजे काढायला पलंगावर बसली.

ती ओरडली नाही. तिने हाताने रजई चाचपली. मग शांतपणे म्हणाली, "वेइयो, माझ्याखाली काय आहे?"

"बटाटा."

"तो आंबलाय."

वास तिने आधी ओळखला होता, हे वेइयोला कबूल करावं लागलं. दोघांनी मिळून गादी बाल्कनीत उभी केली. बाहेर उणे चौदा होतं. दुसऱ्या दिवशी बटाटा गादीवरून खापऱ्यांसारखा टकटक करून सोलता आला. त्या सबंध महिन्यात वेइयोच्या मनासारखी झालेली ही एकच गोष्ट.

"ओव्हनमध्ये का नाही ठेवत?" राइलीने विचारलं, तेव्हा उत्तर मार्केट्टाने दिलं. तेवीस तारखेला ओव्हन हॅमचा होता. सात किलोंचा हॅम तिच्या भावाने पाठवला होता आणि तो मंद आचेवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत आत राहणार होता. चोवीसला, म्हणजे ख्रिसमसच्या जेवणाच्या दिवशी, सकाळी ओव्हन वेइयोचा. म्हणजे भाजायला जागा होती, पण गोड व्हायला नव्हती.

तोडगा त्याला शुक्रवारी सुचला, तळघरातल्या सौनात, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक बाष्पस्नानाच्या खोलीत, आपल्या ठरलेल्या पाळीला घाम गाळत बसला असताना. इमारतीचा सौना तेवीसला दुपारी चारपर्यंत रिकामा असायचा. आच कमीत कमी ठेवली तर वरच्या फळीवर पंचावन्न ते साठ अंश सहज राहतील. इतकी साधी गोष्ट साल्मेला मास्तरांच्या आधी आपल्याला सुचली म्हणून तो स्वतःवर खूश झाला आणि तसाच ओल्या केसांनी सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेला.

ओर्वोक्की लेहतोला एकोणीस वर्षं अध्यक्ष होत्या. दुसरं कुणी उभंच राहत नसे. त्यांनी साखळीचा चष्मा लावला, नियमांची पिवळी पुस्तिका काढली आणि वेइयोला दारातच उभं ठेवून विचारलं, "बटाटा कोणाचा?"

"आईचा. म्हणजे माझा."

"त्या या इमारतीत राहतात?"

"नाही."

"म्हणजे बाहेरचा बटाटा." त्यांनी पान उलटलं. "नियम चौदा. सौनात कपडे वाळवू नयेत, माशांना धुरी देऊ नये, मद्यपान करू नये."

"बटाट्याला मनाई नाही त्यात."

"परवानगीही नाही."

कार्यकारिणीची बैठक फेब्रुवारीत होती. सोसायटीचा व्यवस्थापक सहा जानेवारीपर्यंत रजेवर होता. अध्यक्षांना तातडीच्या बाबतीत स्वतःच्या अधिकारात निर्णय घेता येत होता, पण त्यासाठी अर्ज लागत होता. वेइयोने तिथेच जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून अर्ज भरला. 'स्नान करणाऱ्यांची संख्या' या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे शून्य लिहिलं.

अर्ज परत आला. "शून्य माणसांना पाळी देता येत नाही," ओर्वोक्कीबाई म्हणाल्या. "आणि नियम नऊ. सौना चालू असताना आत जबाबदार व्यक्ती हजर हवी."

"पाच तास?"

"बटाट्याला लागतील तितके."

वेइयोने शून्याचा एक केला.

"आणि नियम अकरा," त्या सही करता करता म्हणाल्या, "कपडे घालून आत बसायचं नाही. खाली स्वतःचा टॉवेल हवा."

तेवीस तारखेला सकाळी अकरा वाजता वेइयो हापासारी जन्मला तेव्हा होता तसा वरच्या फळीवर बसला. शेजारी दुसऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं होतं आणि झाकणाच्या फटीतून मास्तरांचा थर्मामीटर बाहेर डोकावत होता. छप्पन अंश.

छप्पन अंशांचा सौना हा काय प्रकार असतो हे बसल्याशिवाय कळत नाही. ऐंशीला माणूस दहा मिनिटं बसतो, घामाघूम होतो, बाहेर येतो, त्याला जग सुंदर वाटतं. छप्पनला तसं काही होत नाही. माणूस चिजाच्या तुकड्यासारखा हळूहळू सुटत जातो. पहिल्या तासात वेइयोने नकाशा विभागातल्या सगळ्या सहकाऱ्यांचा मनातल्या मनात विचार करून घेतला. दुसऱ्या तासात त्याला पन्नास वर्षांपूर्वीचा एक वाद आठवला, ज्यात त्याचंच बरोबर होतं. वरती हॅम सात किलोंच्या ऐटीत ओव्हनमध्ये एकटा पडला होता, आणि त्याच्यासाठी कुणाला कपडे काढावे लागले नव्हते.

एक वाजता मास्तर आले. तेही नियम अकराप्रमाणेच आले, हातात तेवढी वही होती. त्यांनी आकडा पाहिला, लिहिला आणि फळीवर बसले.

"ढवळलंत?"

"नाही."

"ढवळायला हवं होतं."

वेइयोने ढवळलं.

"आता फार ढवळू नका."

दोनच्या सुमारास काहीतरी झालं. सकाळी चमचा उभा राहील इतका घट्ट असलेला गोळा सैल पडू लागला होता. वरून एक थेंबही पाणी न घालता तो खिरीसारखा झाला. वेइयोने चमच्याच्या टोकावर घेऊन चाखला. जिभेच्या कडेला, अगदी पुसट, आपण उगाच समजूत करून घेतोय की काय अशी शंका यावी इतका, तो गोड लागला. त्याने चमचा मास्तरांना दिला. मास्तरांनी चाखलं आणि वही बाजूला ठेवली. दोन उघडे, घामेजलेले, म्हातारपणाकडे झुकलेले पुरुष पातेल्यात बघत बसले.

साडेतीनला विहुरी आले. तिसऱ्या मजल्यावरच्या या ब्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांची पाळी एकतीस वर्षं चारची होती आणि एकतीस वर्षं ते साडेतीनला येत होते. ते फळीवर चढले, पाण्याची बादली पायाशी ठेवली आणि वाट बघू लागले.

"गार आहे," ते शेवटी म्हणाले.

"छप्पन आहे," वेइयो म्हणाला.

"शवपेटीत याहून ऊब असेल."

"विहुरी, अजून एक तास लागेल बटाट्याला. आईचा आहे."

"माझी पाळी चारची आहे."

ते खरं होतं. चारला विहुरी उठले, हीटरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि परत येऊन बसले. हीटरवरचे दगड पुरेसे तापल्यावर त्यांनी बादलीतला डाव भरून घेतला. वेइयोकडे पाहून त्यांनी एकदा मान हलवली, जशी स्मशानात ओळखीच्या माणसाकडे बघून हलवतात, आणि डाव दगडांवर ओतला.

वाफेचा लोट छतावरून वळून खाली आला. "बासष्ट," मास्तर म्हणाले. दुसरा डाव. "सहासष्ट. हापासारी, सत्तरच्या आत बाहेर पडा."

वेइयोचा स्वतःचा टॉवेल वाफेत कुठेतरी फळीखाली गेला होता. हातात एकच टॉवेल होता आणि पातेल्याचे कान तापले होते. टॉवेल स्वतःला गुंडाळायचा की पातेल्याला, हा निर्णय त्याने एका सेकंदात घेतला. त्यावर नंतर त्याने पुष्कळ विचार केला, पण दुसरं काही करता आलं असतं असं त्याला कधी वाटलं नाही. पातेलं पोटाशी धरून तो कपडे बदलायच्या खोलीत आला.

तिथे ओर्वोक्कीबाई उभ्या होत्या. चार वाजले, बटाटा नियमाप्रमाणे बाहेर पडला की नाही हे बघायला त्या आल्या होत्या, आणि त्यांनी दारावर टकटक केल्याचं वाफेत कुणाला ऐकू गेलं नव्हतं.

त्यांनी वेइयोकडे पाहिलं नाही, पातेल्याकडे पाहिलं. पुढे येऊन झाकण उचललं, आतला चमचा घेतला, चाखलं आणि तोंडात बराच वेळ घोळवलं.

"अजून तासभर," त्या म्हणाल्या.

"आता कुठे ठेवू? इथे अठरा अंश आहे."

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. "हीटिंगच्या खोलीत. मोठ्या नळांवर साठ असतं, वर्षाचे बारा महिने."

वेइयोने पातेलं पोटाशी जरा घट्ट धरलं. मग त्याने शक्य तितक्या प्रतिष्ठेने विचारलं, "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सौना मागितलात. हीटिंगच्या खोलीचा अर्ज वेगळा असतो." त्या दाराकडे वळल्या. "कपडे घाला. हा नियम नाही, माझी विनंती आहे."

पुढचा तास दोघं हीटिंगच्या खोलीत उलट्या बादल्यांवर बसून होते. पातेलं नळावर होतं. ओर्वोक्कीबाईंनी दोनदा उठून टॉवेल नीट केला. मध्येच त्या म्हणाल्या, "आमच्या घरी ब्रेड भाजून झाल्यावर भट्टीत ठेवायचे." पाच वाजता दोघांनी चाखलं. आता शंका घ्यायला जागा नव्हती.

चोवीसच्या सकाळी वेइयोने दूध घातलं, लोणी घातलं, मीठ घातलं आणि सगळं मातीच्या भांड्यात ओतलं. थोडं उरत होतं. इतकं सोसल्यावर एक थेंब वाया घालवणं त्याला शक्य नव्हतं, म्हणून त्याने तेही ओतलं, अगदी काठोकाठ. लातिक्को भाजताना फुगतं आणि उकळतं, हे आईने सांगितलं नव्हतं, कारण ते सगळ्यांनाच माहीत असतं.

दहा वाजता ते काठावरून ओव्हनच्या तळावर उतरलं, साडेदहाला तिथे जळू लागलं आणि पावणेअकराला छतावरचा धुराचा गजर वाजायला लागला. मार्केट्टाने खिडक्या उघडल्या. वेइयो स्टुलावर चढून गजराला टॉवेलने वारा घालत राहिला. गेले दोन दिवस तो टॉवेल वेगवेगळ्या कामांसाठी हातात घेऊनच फिरत होता.

मार्केट्टाने ओट्यावरच्या हॅमचा वास घेतला. "धूर लागलाय याला."

"फार?"

"विचारलं तर धुरी दिलेलाच आणला होता म्हणू." तिने एक नजर नवऱ्याच्या चेहऱ्यावर टाकली, त्याच्या हातातून टॉवेल काढून घेतला आणि त्याला खुर्चीत बसवलं. "जरा बस. मी बघते त्याच्याकडे."

दुपारी भांडं बाहेर आलं तेव्हा मधला भाग सोनेरी आणि हलणारा होता, पण काठ आणि तळ डांबरासारखे काळे झाले होते. हे भांडं आईसमोर ठेवायची वेइयोला लाज वाटली. त्याने मधला चांगला भाग अलगद काचेच्या वाडग्यात काढला आणि मातीचं भांडं ओट्याखाली दडवलं.

तीनला राइली आईला टॅक्सीने घेऊन आली. ख्रिसमसच्या संध्याकाळी टॅक्सी मिळणं कठीण, म्हणून वेइयोने परतीचीही तीन आठवडे आधी सांगून ठेवली होती. सात वाजायच्या आत आईला वृद्धनिवासात पोचायचं होतं आणि टॅक्सी साडेसहाला येणार होती. चाकाची खुर्ची तिने जिन्याशीच नाकारली. टेबलाशी बसल्यावर ती दोनदा उठायला लागली, एकदा बटाट्यासाठी आणि एकदा कुणाला काय हवं बघायला. दोन्ही वेळा राइलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, आज तू पाहुणी आहेस."

त्या शब्दावर आई एकदम शांत बसली. ती गेली साठ वर्षं कुणाची पाहुणी झाली नव्हती.

वेइयोने पहिला चमचा तिला वाढला, वाडग्याच्या अगदी मधोमधचा. मार्केट्टा आणि राइलीने आपापले काटे खाली ठेवले. आईने खाल्लं, थांबली, आणखी थोडं खाल्लं.

"सिरप नाही घातलंस," ती म्हणाली.

"नाही."

"हं." तिने पुन्हा एक घास घेतला आणि ताटाकडे बघत राहिली. "मधला भाग असा लागतो होय."

"असा म्हणजे?" राइलीने विचारलं.

"मी कुठे कधी खाल्लाय मधला? आधी तुमच्या वडिलांना, मग तुम्हा दोघांना, मग आलेल्या-गेलेल्यांना. माझ्या वाट्याला खरवड."

राइलीने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"मग कसा लागतोय?" शेवटी वेइयोने विचारलं.

आईने खरोखर विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "फार गोड आहे," ती म्हणाली, आणि चमचा खाली ठेवला. "खरवड कुठाय?"

"अगं, करपलंय ते. पार काळं झालंय. भिजत घालणार होतो."

"आण."

पाच तासांचा सौना, हीटिंगचे नळ, मास्तरांच्या वहीतले सगळे आकडे त्या मधल्या भागासाठी होते. वेइयो स्वयंपाकघरात गेला, ओट्याखालून भांडं काढलं आणि त्याच्याकडे बघत जरा वेळ उकिडवा बसून राहिला. मग त्याने ते टॉवेलात धरून आणलं. आईने ते मांडीवर घेतलं, एका हाताने कवटाळलं आणि मोठा चमचा घेऊन कामाला लागली. काळा, चिकट, कडवट-गोड पापुद्रा कुरकुर करत सुटायला लागला. तिचे खांदे सैल झाले. तिने कुणाला काही विचारलं नाही, कुणाला काही वाढलं नाही. बाकीच्यांनी मधला भाग खाल्ला. तो चांगला झाला होता.

सहा पंचवीसला टॅक्सी आल्याचा मेसेज आला. राइली आईचा कोट घेऊन उभी राहिली.

"तळ राहिलाय अजून," आई मान वर न करता म्हणाली. "त्याला थांबायला सांग."

वेइयो जिना उतरून खाली गेला. थंडी कडाक्याची होती आणि तो कोट घालायला विसरला होता. ड्रायव्हर याच भागातला, साठीचा माणूस होता. त्याने काच खाली केली.

"पाच मिनिटं थांबाल का?" वेइयो म्हणाला. "आई येतेय. बटाट्याचं भांडं खरवडतेय."

ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं. "काचेचं की मातीचं?"

"मातीचं."

"मग वेळ लागेल," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याने इंजिन बंद केलं.